‘कुलक’ म्हणजे नेमका कोण?

ओंबी (धागाकर्ती)

दिवाळीच्या आधी पुस्तकांचं कपाट आवरायला काढलं आणि तळाशी लहानपणीचं एक सोविएत पुस्तक सापडलं. एसटी स्टँडबाहेर तंबू ठोकून प्रदर्शन लागायचं, तिथलं. जाड पुठ्ठा, गुळगुळीत चित्रं, आणि किंमत इतकी कमी की आईनं न कुरकुरता घेऊन दिलं होतं. एका पानावर ‘कुलक’ हा शब्द, खाली बारीक अक्षरांत तळटीप: ‘कुलक – श्रीमंत शेतकरी’.

तेव्हा ती वाचून पुढे गेले होते. मधल्या काळात नोकरीपायी रशियन शिकावं लागलं, त्यामुळे आता तीच तळटीप दाताखालच्या खड्यासारखी लागली. रशियनमध्ये शब्द आहे ‘कुलाक’, जोर ‘ला’वर, आणि त्याचा रोजच्या वापरातला अर्थ मूठ. मारायला उगारतात ती मूठ. (तुर्की भाषेत कुलाक म्हणजे कान. इस्तंबूलला गेलात तर घोटाळा करू नका.) श्रीमंत शेतकऱ्याला कोणी मूठ कशाला म्हणेल?

व्लादीमिर दालचा चार खंडी रशियन कोश १८६३ ते १८६६ या काळात छापला गेला. त्यात मूठ हा अर्थ झाल्यावर माणसासाठीचे अर्थ येतात: कंजूष, चिक्कू, दलाल, माल स्वस्तात उचलून चढ्या भावानं विकणारा. शेतकरी कुठेही नाही! म्हणजे कुलाक हा नांगराचा माणूस नव्हता, तराजूचा होता. त्याचा जुळा भाऊ म्हणावा असा दुसरा शब्द ‘मिरोयेद’. मिर म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणारी पंचायत, येद म्हणजे खाणारा. सरळ मराठीत गावखाऊ.

हा प्राणी पोसला जायचा कसा, ते अलेक्सांद्र एंगेलहार्टच्या पत्रांमधून कळतं. हा पीटर्सबर्गचा रसायनशास्त्राचा प्राध्यापक. सरकारनं १८७१ मध्ये त्याला स्मोलेन्स्क प्रांतातल्या त्याच्या स्वतःच्या बातीश्चेवो या गावी हद्दपार केलं. मग काय, पठ्ठ्या शेती करू लागला आणि पंधराएक वर्षं तिथून मासिकाला पत्रं लिहीत राहिला. भूदासपद १८६१ मध्ये सुटलं होतं, पण मिळालेल्या जमिनीचे हप्ते शेतकऱ्याच्या बोकांडी बसले होते. हप्ते आणि कर भरायची वेळ यायची शरदात. सगळं गाव एकदमच धान्य विकायला काढणार, भाव पडणार, आणि तेव्हा रोख पैसा असणार फक्त एकाकडे. तेच धान्य फाल्गुन-चैत्राच्या सुमारास, कणगी खडखडीत झाली की, हाच माणूस उसनं देणार. परतफेड बऱ्याचदा अंगमेहनतीनं. हिवाळ्यात उचललेल्या पिठाच्या पोत्यापायी ऐन हंगामात स्वतःचं गवत उभं ठेवून आधी त्याचं कापायला जायचं.

एंगेलहार्ट म्हणतो की खऱ्या कुलाकाला ना जमिनीची ओढ, ना शेतीची, ना कष्टाची. त्याला ओढ एकट्या पैशाची. मात्र तोच दुसरीकडे असंही लिहितो की थोडीफार कुलाकी प्रत्येक शेतकऱ्याच्या अंगात असतेच. ही दोन वाक्यं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

तर माझं म्हणणं असं की तळटीपेत ‘श्रीमंत शेतकरी’ ऐवजी ‘सावकार’ हवं होतं. पुढचं प्रतिसादांत लिहिते, भाकऱ्या थापायच्या आहेत.

रात्रपाळी

वाखूण साठवली आहे. कंपनीत पहाटे तीनला वाचायला असले धागे लागतात.

एक कबुली देतो. मला आजवर वाटायचं की कुलक आणि आपलं कूळ यांचा काहीतरी संबंध आहे. कुळकायदा, कुळकर्णी वगैरे. हसू नका.

खडूस काका

हसत नाही, पण कान धरतो. सावकाराच्या वहीत ‘कूळ’ म्हणजे कर्ज घेणारा गिऱ्हाईक. ‘आमची पन्नास कुळं आहेत’ असं सावकार म्हणायचा. म्हणजे तुमचं कूळ आणि रशियातला कुलाक हे वहीच्या दोन विरुद्ध बाजूंना बसलेले.

ओंबीताई, एंगेलहार्टची पत्रं आणि आपल्याकडचे दख्खनचे दंगे यांचा काळ एकच आहे, हे तुमच्या ध्यानात आलंय का? १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे. कुणब्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली. त्यांना हवी होती कर्जखतं आणि दस्तऐवज. ती हाती आली की रस्त्यात आणून होळी. माणसांना हात कमी लागला, कागदांना जास्त. कारणंही ओळखीचीच: अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचा भाव घसरलेला, त्यात सारावाढ, आणि हप्त्याच्या दिवशी रोकडा फक्त एका घरी. पुढे १८७९ मध्ये सरकारनं शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला.

आमच्या पणजोबांची थोडी सावकारी होती. सागवानी पेटी अजून माळ्यावर आहे. आत एकच खत उरलंय: मोडीत चार ओळी आणि खाली अंगठ्याचा काळा ठसा. ठसा इतका दाबून उठवलाय की कागद मागून फुगलेला आहे.

ओंबी

काका, आलं होतं ध्यानात, पण अंगठ्याचं ठाऊक नव्हतं. त्या खताचा फोटो टाकाल का?

आणि मूठ आपल्याकडेही तशीच वागते की. गाव मुठीत ठेवणं, मूठ आवळणं. रशियन शेतकऱ्याला जे सुचलं ते आपल्यालाही सुचलेलं आहे, फक्त आपण त्या माणसाचं नाव मूठ ठेवलं नाही.

खडूस काका

फोटो नाही. अंगठा कोणाचा ते गावात अजून ओळखतील.

गिरणगावचा भोंगा

लेख चांगला. पण पुढे काय येणार ते दिसतंय, म्हणून आधीच बोलून घेतो. ‘कुलाक हा शब्दच खोटा, बिचारे कष्टाळू शेतकरी होते’ असा सूर लावू नका. गावात वर्ग होते. लेनिननं १८९९ च्या ग्रंथात सरकारी आकडे घेऊन दाखवलंय की शेतकरी हा एकसंध गठ्ठा नाही. वर घोडे आणि मजूर बाळगणारे, खाली बिनघोड्याचे, मध्ये मधले. कुलाकाला त्यानं शिवीतून उचललं आणि अर्थशास्त्रात आणलं. हे काम वाईट नव्हतं.

ओंबी

भोंगाभाऊ, खोटा म्हणतच नाही. एंगेलहार्टचा कुलाक खराच होता आणि त्याच्या तावडीत सापडलेलेही खरेच. पण तुम्ही म्हणता तिथेच सांधा बदलला. दालच्या कोशात कुलाक हे एका *वागण्याचं* नाव आहे: अडवून घेतो, तो कुलाक. लेनिनच्या हिशोबात ते एका *मालमत्तेचं* नाव झालं: इतके घोडे, इतके गडी. दोन घोडे असलेला माणूस व्याजानं एक कोपेकही न देता कुलाक ठरू शकतो, हा बदल तिथून सुरू झाला. पुस्तकात तो निरुपद्रवी होता. खरा प्रश्न आला लेनिनच्या पक्षाच्या हातात राज्य आल्यावर.

जून १९१८ मध्ये गावोगावी गरिबांच्या समित्या काढल्या, शहरांसाठी धान्य काढायला. आता कुलाक कोण? ज्याच्या घरी धान्य आहे तो. त्याच ऑगस्टच्या ११ तारखेला लेनिननं पेन्झा प्रांतातल्या साथींना लिहिलेलं पत्र आहे: सगळ्यांना माहीत असलेले कुलाक, धनाढ्य, रक्तपिपासू असे किमान शंभर लोक फासावर द्या, आणि लोकांना दिसेल असे द्या. कित्येक दशकं हे पत्र छापलं गेलं नव्हतं, बाहेर आलं ते सोविएत संघ कोसळण्याच्या सुमारास.

गंमत म्हणजे तोपर्यंत जमिनीचं वाटप होऊन गावं बरीचशी सपाट झालेली होती. जुना, खराखुरा गावखाऊ कितीतरी ठिकाणी उरलाच नव्हता. नंतर १९२१ पासून नवं आर्थिक धोरण आलं, मोकळीक मिळाली, आणि एप्रिल १९२५ मध्ये पक्षाचा बडा नेता बुखारिन यानं शेतकऱ्यांना उद्देशून चक्क म्हटलं, ‘श्रीमंत व्हा’. ज्यांनी ऐकलं, गाय घेतली, लोखंडी नांगर घेतला, ते चार वर्षांनी कुठे होते ते उद्या लिहिते.

रात्रपाळी

उद्या नको, माझी पाळी सहाला संपते.

ओंबी

बरं बाबा.

१९२७ च्या हिवाळ्यात सरकारला हवं तेवढं धान्य मिळेना. सरकारी भाव इतका पडेल होता की विकणं म्हणजे तोटा. जानेवारी १९२८ मध्ये स्टालिन स्वतः सायबेरियात गेला आणि धान्य न विकणाऱ्यांना सट्टेबाजीचं १०७ वं कलम लावायला सांगितलं. म्हणजे घरात साठवलेलं स्वतःचं धान्य हाच सट्टा.

मग कोणीतरी विचारलंच असणार की कायद्यानं कुलाक ओळखायचा कसा. २१ मे १९२९ ला सरकारनं खुणा जाहीर केल्या. पगारी मजूर नेहमी लावतो. पिठाची किंवा तेलाची गिरणी आहे. यंत्रावर चालणारी अवजारं भाड्यानं देतो. जागा भाड्यानं देतो. व्यापार, व्याजबट्टा किंवा मध्यस्थी करतो, नाहीतर कष्टाविना उत्पन्न आहे. या शेवटच्यात पाद्रीही आले! शिवाय उत्पन्नाची अट: घरटी वर्षाला किमान १,५०० रुबल, आणि खाणाऱ्या तोंडामागे ३०० च्या वर. खुणांपैकी एक जुळली तरी पुरे. पाहा, सहाव्या इयत्तेतल्या ‘जोड्या लावा’सारखं आहे. मूळचा व्याजबट्टा या यादीत आहे खरा, पण पाचांतला एक.

आणि २७ डिसेंबर १९२९. स्टालिननं भाषणात जाहीर केलं की आता कुलाकांना नुसता आळा घालायचा नाही, *वर्ग म्हणून* त्यांचा निकाल लावायचा. कुलाकाला सामुदायिक शेतात (गावच्या जमिनी एकत्र करून केलेल्या) यायचं असेल तर? नाही, तो शत्रू आहे. त्याची मालमत्ता घेणं योग्य का? मुंडकं उतरवल्यावर केसांसाठी रडत नाहीत, ही रशियन म्हण त्यानं तिथे वापरली.

माझ्या मते शब्दाचं सगळ्यात मोठं वळण हेच. आतापर्यंत माणसाला कुलाकपण *सोडता* येत होतं. व्याज बंद करा, गडी काढून टाका, घोडा विका. अनेकांनी तसं केलंही, रातोरात जनावरं विकून शहर गाठलं. त्यालाही रशियनमध्ये शब्द आहे, स्वतःच स्वतःचं कुलाकपण काढून टाकणं. पण या भाषणानंतर ते सुटेना. घोडा गेला तरी शिक्का राहिला.

बर्फाळ

मी ऐंशीच्या दशकात मॉस्कोला शिकायला होतो. आमच्या भाषेच्या बाई फार कडक. एकदा वर्गात कोणीतरी पुस्तकातला कुलाक मोठ्यानं वाचत होता, तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. खूप महिन्यांनी, चहाला घरी बोलावलं तेव्हा, आपणहून म्हणाल्या, ‘आमच्याकडे शिवणयंत्र होतं.’ मला संदर्भ लागेना. मग कळलं. आजी शेजारणींचे कपडे शिवायची आणि हंगामात एक मुलगी हाताखाली ठेवायची. ती मुलगी म्हणजे पगारी मजूर. समितीनं घरातल्या वस्तूंची यादी केली, त्यात उशा मोजल्या, पळ्या मोजल्या. यादीवर सही करायला आजीलाच लावलं. यंत्र ज्या घरी गेलं तिथे कोणाला ते चालवता येत नव्हतं.

बाई हे सांगताना आवाज खाली आणत होत्या. स्वतःच्या स्वयंपाकघरात.

रात्रपाळी

एक शंका. यादीत किती जण हवेत हे आधी ठरलं होतं की मोजून ठरलं?

ओंबी

आधी. ३० जानेवारी १९३० चा पक्षाच्या पॉलिटब्युरोचा, म्हणजे सर्वोच्च समितीचा, ठराव आहे, त्यात सगळं येतं. कुलाकांचे तीन प्रकार. पहिला प्रकार छावणीत किंवा थेट गोळी, दुसरा कुटुंबासकट दूरदेशी, तिसरा त्याच जिल्ह्यात पण भिकार जमिनीवर. पहिल्यासाठी ६०,००० माणसं, दुसऱ्यासाठी दीड लाख कुटुंबं असा कोटाच. एकूण घरं सरासरी ३ ते ५ टक्के. म्हणजे ज्या गावात एकही गिरणी नाही, पगारी गडी नाही, त्या गावालाही आपले तीन टक्के *काढून* द्यावे लागणार.

काढले. कोट्याच्या पुढे काढले. १९३० आणि १९३१ या दोन वर्षांत ३ लाख ८१ हजार कुटुंबं, म्हणजे १८ लाखांवर माणसं, उत्तरेला, उरलला, सायबेरियाला, कझाखस्तानला धाडली गेली. हे त्यांच्याच गुप्त पोलिसांचे आकडे. उत्तरेकडच्या व्होलोग्दा शहरातल्या चर्चमध्ये आणि मठांत लाकडी माळे ठोकून बायकापोरं ठेवली होती.

आणि ज्याच्याकडे खरोखर काहीच नाही, पण सभेत तोंड उघडतो, त्याचं काय? त्याच्यासाठी नवा शब्द आला, ‘पोद्‌कुलाच्निक’. कुलाकाच्या हाताखालचा. यात मालमत्ताही लागत नाही. एंगेलहार्टचं दुसरं वाक्य आठवा: थोडी कुलाकी प्रत्येकाच्या अंगात असते. तो ते निरीक्षण म्हणून लिहून गेला होता.

गिरणगावचा भोंगा

कोटा ही गोष्ट मला माहीत नव्हती असं म्हणणार नाही. आमच्या अभ्यासवर्गात तिच्यावरून घाईघाईनं पुढे जायचे.

पण उलट बाजूही नोंदवा. आता रशियात ज्याला त्याला आपला आजा कुलाक होता हे छाती काढून सांगायचं असतं, आणि प्रत्येकाचा आजा पहाटे चारला उठून राबणाराच असतो. व्याजानं देणारा कोणाचाच नाही! हासुद्धा अर्थबदलच झाला की. शिवीचं बिरुद.

ओंबी

सोळा आणे मान्य. धाग्यात हे माझ्याकडून राहिलंच असतं.

उसाचं टिपरू

आमच्याकडे हा शब्द कुठून आला ते सांगतो. नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात १९५९ ला सहकारी सामुदायिक शेतीचा ठराव झाला, त्याला चरणसिंगांनी कडाडून विरोध केला. पुढे त्यांच्या नावाला टीकाकारांनी कुलक हे शेपूट जोडलं ते कायमचं. मग १९८० ला शरद जोशींचं कांद्याचं आणि उसाचं आंदोलन पेटलं तेव्हा डाव्या लेखांमध्ये तेच: ही कुलकांची चळवळ आहे.

आमचे आबा संघटनेत होते. तीन एकर कोरडवाहू, विहिरीला पाणी माघापर्यंत. छातीवर संघटनेचा लाल बिल्ला लावून रास्ता रोकोला गेले, एक रात्र कोठडीत काढली. घरी आल्यावर चुलत्यानं पेपरातला लेख वाचून दाखवला की तुम्ही कुलक आहात. आबांनी विचारलं, ‘म्हणजे काय?’ चुलता म्हणाला, ‘मोठा बागायतदार.’ आबा म्हणाले, ‘त्यांना म्हणावं, बाग कुठाय तेवढं दाखवा, पाणी मी घालतो.’

सगळेच तसे नव्हते, हेही खरं. ऊसवाल्यांच्या जीपगाड्या असायच्या मोर्चात. आबा मागच्या ट्रॉलीत.

पाणक्या

म्हणजे आजकाल ज्याला त्याला जी लेबलं चिकटवतात, तोच प्रकार. आत्ताचंच बघा ना, परवा

संपादक

वरील प्रतिसादाचा उरलेला भाग उडवला आहे. चालू राजकारणासाठी वेगळा धागा आहे, तिथे कुस्ती करा. इथे रशिया चालू द्या.

रात्रपाळी

संपादकांनी ‘परवा’वर कात्री लावली, आता आयुष्यभर डोक्यात राहणार परवा काय झालं.

ताई, १९३१ नंतर तर कुलाक संपलेच असतील. मग शब्द कधी मेला?

ओंबी

तिथेच तर खरी मेख आहे. ३० जुलै १९३७, हुकूम क्रमांक ००४४७. स्टालिनच्या १९३७-३८ च्या ‘मोठ्या दहशती’तला सगळ्यात मोठा कत्तलीचा हुकूम. कोणाविरुद्ध? ‘*माजी* कुलाक, गुन्हेगार आणि इतर सोविएतविरोधी घटक.’ सहा-सात वर्षं सायबेरियात लाकडं तोडून झालेल्या माणसाला परत त्याच नावानं उचललं. ना शेत, ना घोडा, ना गडी, आणि नाव माजी कुलाक. कायद्यानं या लोकांवरचा ठपका पुसला गेला तो १८ ऑक्टोबर १९९१ ला, राजकीय दडपशाहीच्या बळींसाठीच्या कायद्यानं. तेव्हा सोविएत संघाचेच दोन महिने उरले होते.

आणखी एक सांगायचंय, आणि त्यासाठीच मूळ अर्थापासून सुरुवात केली होती. कवी त्वार्दोव्स्की याच स्मोलेन्स्क भागातला, म्हणजे एंगेलहार्टच्या मुलखातलाच. त्याचे वडील लोहार. १९३१ मध्ये कुलाक म्हणून कुटुंबासकट उरलकडे धाडले. कवी तेव्हा घराबाहेर होता, वाचला, पुढे सोविएत साहित्यातलं मोठं नाव झाला. आयुष्याच्या शेवटी त्यानं ‘स्मृतीच्या हक्कानं’ अशा अर्थाच्या शीर्षकाची दीर्घ कविता लिहिली, ती त्याच्या देशात छापून यायला १९८७ उजाडलं, तो गेल्यावर पंधरा वर्षांनी. तिच्यात वडिलांच्या हातांचं वर्णन आहे. घण मारून मारून ते हात असे झालेले की पुरते उघडतही नाहीत आणि मूठ म्हणून मिटतही नाहीत. वेगवेगळे घट्टे नाहीतच, सगळा तळवा मिळून एकच घट्टा. आणि मग तो म्हणतो: खराखुरा कुलाक!

रशियनमध्ये वाचताना तिथे दोन्ही अर्थ एकदम येतात. मराठीत मला ते जमत नाहीये. कोणी करून बघा.

बर्फाळ

बाईंकडे कवितेचा तो अंक होता. वर्तमानपत्राचं कव्हर घालून ठेवलेला.

उसाचं टिपरू

मूठ हाच शब्द ठेवला तर? ‘मूठ म्हणून मिटेना, तरी म्हणे मूठ.’

ओंबी

वा टिपरू! याच्या जवळपास मी चार दिवसांत पोचले नव्हते.

बाकी तळटीप आज पेन्सिलीनं दुरुस्त केली. ‘श्रीमंत शेतकरी’वर रेघ मारून ‘सावकार’ लिहिलं.

खडूस काका

थांबा जरा. पुस्तकातली गोष्ट कुठल्या सालातली?

ओंबी

पाहिलं. १९३०. सायबेरिया.

खडूस काका

मग सावकारही खोडा.